घन, स्थायू, ठोस: सीमाभागातील पदार्थविज्ञानाच्या परिभाषेचा इतिहास

बर्फ, पाणी आणि वाफ ही एकाच पदार्थाची तीन रूपे आहेत, या विधानापासून शालेय पदार्थविज्ञानाचा आरंभ होतो. विधान सर्वत्र तेच असते. शब्द मात्र शाळेगणिक बदलतात. उदगीरच्या मराठी शाळेतील मुलगी या रूपांना स्थायू, द्रव आणि वायू म्हणते. हुमनाबादच्या कन्नड शाळेत शिकणारा तिचा मामेभाऊ घन, द्रव, अनिल असे पाठ करतो. त्याच गावातील उर्दू शाळेत ठोस, माये, गैस हे शब्द चालतात, तर हिंदीच्या पुस्तकात ठोस, द्रव, गैस हे भेटतात. पुढे पदवीपूर्व वर्गात विज्ञानशाखा घेतली की हे सारे मागे पडून सॉलिड, लिक्विड आणि गॅस एवढेच उरते.

हे शब्द कोणी घडविले, कोणत्या काळी घडविले आणि कोणत्या वाटेने ते आपल्या मुलांपर्यंत आले, याचा इतिहास आम्ही येथे मांडीत आहोत. त्यास कारण आहे. सीमाभागात दोन मते वारंवार ऐकू येतात. पहिले असे की, मराठीतून विज्ञान शिकून उपयोग नाही, कारण ते शब्द पुढे कोठेच चालत नाहीत. दुसरे मत आमच्याच माणसांचे असते: कन्नड पुस्तकातील शब्द ओढूनताणून केलेले आहेत, आपले तेवढे सहज आहेत. इतिहासाच्या कसोटीवर ही दोन्ही मते टिकत नाहीत, असे आमचे प्रतिपादन आहे.

कल्याणीचे मेण आणि सोने

परिभाषेच्या आधी पदार्थाचे ज्ञान हातात असावे लागते, आणि आमच्या प्रदेशात ते फार जुने आहे. हुमनाबादच्या शेजारचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. आम्हा वकिलांना हे नगर विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेमुळे परिचित आहे. हिंदू वारसाहक्काचा विचार करताना त्या ग्रंथाला आजही वळसा घालता येत नाही. परंतु याच राजधानीत, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, राजा तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लास हा ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभारापासून पाककलेपर्यंत असंख्य विषय असलेल्या या ग्रंथात धातूच्या मूर्ती ओतण्याची रीतही दिलेली आहे.

ती रीत अशी. प्रथम मेणाची मूर्ती घडवावी, तिच्यावर मातीचे लेप द्यावेत, लेप वाळल्यावर तापवून आतील मेण वितळवून काढावे आणि रिकाम्या झालेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतावा. धातू किती घ्यावा याचे उत्तर ग्रंथकार मेणाच्या वजनावरून देतो: चांदी मेणाच्या बारापट, सोने सोळापट, तांबे व पितळ त्याहून कमी. पोकळी तीच, म्हणजे आकारमान तेच. तरीही प्रत्येक धातूचे वजन वेगळे. आज सहावी-सातवीच्या पुस्तकात घनता या नावाने जे शिकविले जाते, त्याचाच हा व्यावहारिक वापर आहे. आजच्या मोजमापाने मेणाची घनता पाण्याहून किंचित कमी, चांदीची पाण्याच्या सुमारे साडेदहापट आणि शुद्ध सोन्याची सुमारे एकोणीसपट भरते. ग्रंथातील आकडे याच्याशी तंतोतंत जुळत नाहीत, पण धातूंचा चढता क्रम अचूक आहे आणि आकारमान व वजन यांतील भेद स्पष्ट ओळखलेला आहे.

बिदरचे जस्त आणि नवसागर

दुसरे उदाहरण बिदरचे. बहामनी काळापासून ज्या कलेची परंपरा सांगितली जाते ती बिदरी सर्वांच्या परिचयाची आहे: काळ्याभोर पात्रावर चांदीची नक्षी. या पात्राचा धातू मुख्यतः जस्त असतो. सुमारे सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे, असे प्रमाण सामान्यतः दिले जाते.

या मिश्रणात पदार्थाच्या तिन्ही अवस्थांचा प्रश्न दडलेला आहे. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सियसला वितळते आणि ९०७ अंशांना उकळू लागते. तांबे वितळण्यास १०८५ अंश लागतात. म्हणजे तांबे वितळेल इतक्या उष्णतेवर जस्ताची वाफ होऊन जाईल. तथापि वितळलेल्या जस्तात थोडे तांबे टाकले, तर ते स्वतःच्या द्रवणांकापर्यंत न पोहोचताही त्यात विरघळू शकते. येथे मराठी भाषेचे एक बळ दिसते. मेण वितळते, साखर विरघळते. एकास उष्णता लागते, दुसऱ्यास दुसरा द्रव लागतो. हा भेद आपली आजीसुद्धा बोलण्यात चुकवीत नाही. बिदरीच्या मुशीत जस्त वितळते आणि तांबे विरघळते, एवढे सांगितले की मराठी मुलास अर्धा धडा समजतो. कन्नड बोलीत या दोन्हींसाठी 'करगु' हे एकच क्रियापद चालते, म्हणून कन्नड पाठ्यपुस्तकाला विरघळण्यासाठी 'विलीन' हा संस्कृत शब्द जवळ करावा लागला. यात कोणाचे उणे नाही. प्रत्येक भाषा काही भेद घरूनच आणते आणि काही शाळेत शिकते.

पात्र तयार झाल्यावर ते काळे करण्यासाठी बिदरच्या किल्ल्यातील जुनी माती आणि नवसागर यांचा लेप लावतात. जस्ताचा भाग काळा पडतो, चांदी तशीच चमकत राहते. हाच नवसागर कल्हईवाल्याच्या पेटीत असे, आणि हाच शालेय पुस्तकात संप्लवनाचे ठरलेले उदाहरण म्हणून येतो: तापविला असता तो द्रव न होता थेट वायुरूप होतो आणि थंड पृष्ठभागावर पुन्हा पांढरा थर होऊन बसतो. बिदर जिल्ह्यातील मुलास हे उदाहरण दूरच्या प्रयोगशाळेतून आणून देण्याचे कारण नाही.

द्रव आणि वायू: शास्त्रचर्चेतील पूर्वज

आता शब्दांकडे वळू. द्रव हा शब्द मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी या चारही भाषांत समान आहे. त्याचे मूळ न्याय-वैशेषिक चर्चेत सापडते. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हा संस्कृत पाठशाळांतील पहिल्या पाठाचा ग्रंथ. त्यात चोवीस गुणांमध्ये द्रवत्व हा एक गुण मोजला आहे. वस्तू प्रथम खाली पडते त्यास कारण गुरुत्व, प्रथम वाहू लागते त्यास कारण द्रवत्व. द्रवत्वाचे पुन्हा दोन प्रकार: पाण्याचे ते स्वाभाविक, तर तुपाचे व सोन्याचे ते अग्नीच्या संयोगाने येणारे.

थिजलेले तूप आणि पातळ तूप यांतील फरक उष्णतेचा आहे, हे या विभागणीत आले आहे. मात्र पाणीही थंड केल्यास तसेच घट्ट होते आणि म्हणून दोन्ही उदाहरणे एकाच नियमाची आहेत, ही पायरी त्या चर्चेत नाही. पृथ्वी, आप, तेज, वायू ही तेथे वेगवेगळी द्रव्ये होती. एकाच द्रव्याच्या अवस्था नव्हत्या. आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह वकिलाने तरी आवरला पाहिजे. पुराव्यात असेल तेवढेच मांडावे.

वायू या शब्दाचा प्रवास म्हणूनच लक्षणीय आहे. मूळ अर्थ हवा. तो अर्थ 'वायुप्रदूषण' या शब्दात मराठीत आणि कन्नडमध्येही अजून जिवंत आहे. परंतु ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड यांना एक सामान्यनाम हवे झाले तेव्हा मराठीने वायू हा शब्द त्या कामी लावला आणि आपल्या भोवतालच्या मिश्रणासाठी हवा हा शब्द ठेवला. कन्नडने गाळि व वायु हे शब्द हवेसाठी ठेवून 'अनिल' हा संस्कृतमधील वाऱ्याचा दुसरा शब्द सामान्यनाम म्हणून निवडला. मराठी कानाला अनिल हे मुलाचे नाव वाटते, म्हणून आपल्याला हसू येते. परंतु दोन्ही भाषांनी केलेली युक्ती एकच आहे: वाऱ्याचा एक शब्द घेऊन त्यास नवा अर्थ दिला.

युरोपानेही याहून निराळे काही केले नाही. गॅस हा शब्द सतराव्या शतकात व्हान हेल्मोंट या फ्लेमिश रसायनज्ञाने ग्रीक 'केऑस' या शब्दावरून घडविला. त्यापूर्वी तेथेही हवा आणि बाष्प याहून वेगळी कल्पना रुळलेली नव्हती. अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅकने सुप्त उष्णतेचा शोध लावला आणि लव्वाझिएने १७८९ च्या आपल्या ग्रंथात पदार्थाची अवस्था उष्णतेवर अवलंबून असते ही मांडणी रूढ केली. तीन अवस्थांचा आजचा धडा युरोपातही जेमतेम सव्वादोनशे वर्षांचा आहे.

मुंबईतील आरंभ

या नव्या विज्ञानाचा मराठीत प्रवेश फार उशिरा झाला नाही. हरि केशवजी पाठारे यांनी १८३० च्या दशकात 'सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद' हा ग्रंथ मराठीत आणला. रसायनशास्त्रावरील संवादही त्यांनी त्याच दशकात लिहिले. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली 'दिग्दर्शन' हे मासिक काढले आणि त्यात भौतिक विषयांना जागा दिली. लव्वाझिएच्या ग्रंथानंतर अर्धशतकाच्या आतच मराठी वाचकास हे विषय स्वभाषेत उपलब्ध झाले होते. पुढे १९२८ पासून पुण्याच्या 'सृष्टिज्ञान' मासिकाने तेच काम चिकाटीने केले.

मराठीने आरंभी घन हाच शब्द अधिक वापरला आणि मराठी विश्वकोशातही घन अवस्था असाच प्रयोग आढळतो. पण घन शब्दावर मराठीत कामाचा बोजा फार झाला. गणितात घन म्हणजे तिसरा घात, घनफळ म्हणजे आकारमान, घनता म्हणजे एकक आकारमानातील वस्तुमान, आणि काव्यात घन म्हणजे मेघ. अशा स्थितीत 'द्रवाची घनता' म्हटले की नवशिक्या मुलाला द्रव घट्ट झाला असे वाटणे साहजिक आहे. शालेय पुस्तकांतून स्थायू हा शब्द रुळला त्याची सोय येथे आहे. 'स्था' या धातूचा आधार, वायू या शब्दाशी जुळणारा कानाला परिचित शेवट, आणि दुसऱ्या कोणत्याही अर्थाची अडगळ नाही. कन्नडने हीच अडचण दुसऱ्या बाजूने सोडविली: घन हा शब्द अवस्थेसाठी ठेवला आणि घनतेला 'सांद्रते' म्हटले. दोन्ही उपाय तर्कशुद्ध आहेत.

निजामी राज्यातील उर्दू आणि बंगळूरची कन्नड

मुंबई-पुण्यातील हे शब्द आमच्या भागात मात्र सहज पोहोचले नाहीत. हुमनाबाद तेव्हा हैदराबाद संस्थानात होते आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१७ साली हैदराबादेत दारुल तर्जुमा हे भाषांतर कार्यालय स्थापन झाले आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ. विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी हे सारे विषय एका भारतीय भाषेतून शिकविण्याचा तो मोठा प्रयोग होता. वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ मध्ये 'वज़-ए-इस्तिलाहात' हा परिभाषा घडविण्याच्या शास्त्रावरचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. माद्दा म्हणजे पदार्थ, हजम म्हणजे आकारमान, कसाफत म्हणजे घनता. ठोस हा देशी शब्द अरबी माये शब्दाच्या शेजारी निःसंकोच बसला.

या प्रयोगाविषयी आमच्या मनात संमिश्र भावना आहेत. देशी भाषेतून उच्च विज्ञान शिकविता येते, हे त्याने सिद्ध केले. परंतु ज्या राज्यात तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारे बहुसंख्य होते, तेथे ती देशी भाषा या तिघांपैकी एकही नव्हती. आमच्या आधीच्या पिढ्यांतील अनेकांनी घरी मराठी बोलून शाळेत माद्दा आणि कसाफत पाठ केले. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय किंवा हैदराबादचे विवेकवर्धिनी यांसारख्या संस्थांचे मोल या पार्श्वभूमीवर कळते.

योगायोग असा की, त्याच सुमारास, १९१८ मध्ये, बंगळूरला बेळ्ळावे वेंकटनारणप्पा व नंगपुरम वेंकटेश अय्यंगार यांनी 'विज्ञान' हे कन्नड मासिक सुरू केले. वेंकटनारणप्पा सेंट्रल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवीत. कन्नडमध्ये विज्ञान लिहिता येते हे दाखविण्यासाठी त्यांनी जे कष्ट घेतले, ते जांभेकरांच्या जातीचे होते. कन्नड शब्दांना ओढूनताणून केलेले म्हणणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात घ्यावा.

१ नोव्हेंबर १९५६

या दिवशी बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्रात गेला, आणि हुमनाबाद, भालकीसह उर्वरित जिल्हा म्हैसूर राज्यास जोडला गेला. एकाच जिल्ह्यातील मुले त्या दिवसापासून तीन वेगळ्या परिभाषांची झाली. महाराष्ट्राने १९६० साली भाषा संचालनालय स्थापन करून परिभाषाकोशांचे काम हाती घेतले. केंद्राचा वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ मध्ये आला. म्हैसूर विद्यापीठाचा इंग्रजी-कन्नड कोश १९४६ पासून होताच. प्रत्येकाने आपल्या घरापुरते चांगले काम केले. दोन घरांच्या मधल्या भिंतीजवळ जे राहतात, त्यांचा विचार कोणाच्या कार्यकक्षेत नव्हता.

परिणामी जे फसवे शब्द तयार झाले, त्यांची थोडी उदाहरणे देतो. कन्नड पुस्तकात आकारमानास 'गात्र' म्हणतात. मराठीत गात्र म्हणजे शरीराचा अवयव. मराठीत ऊर्ध्वपातन म्हणजे द्रवाची वाफ करून ती पुन्हा थंड करून द्रव मिळविणे. हिंदीत तोच शब्द नवसागरासारख्या पदार्थाच्या संप्लवनासाठी योजतात, आणि कन्नडमध्ये संप्लवनास 'उत्पतन' म्हणतात. द्रव आणि द्रव्य यांत एका जोडाक्षराचा फरक. त्यात घरगुती मराठीत द्रव्य म्हणजे पैसा आणि पदार्थ म्हणजे खाण्याची वस्तू. मुलाला संकल्पना ठाऊक असते, पण शब्द दुसऱ्या भाषेचा आला की उत्तर चुकते, आणि शिक्का बसतो की मूल विज्ञानात कच्चे आहे.

आमच्या व्यवसायात प्रत्येक अधिनियमाच्या आरंभी व्याख्यांचे कलम असते. त्या अधिनियमापुरता शब्दाचा अर्थ काय, हे तेथे सांगितलेले असते. शेजारच्या अधिनियमात त्याच शब्दाचा अर्थ वेगळा असू शकतो आणि न्यायालय त्याबद्दल पक्षकारास दोष देत नाही. सीमाभागातील मुलाला मात्र एका कायद्याखाली शिकवून दुसऱ्या कायद्याखाली तपासले जाते, व्याख्यांचे कलम न दाखविता.

आमचे मागणे

ज्या १ नोव्हेंबर १९५६ रोजी सीमा आखली गेली, त्याच दिवशी संविधानाची सातवी दुरुस्ती अमलात आली आणि तिने अनुच्छेद ३५०क आणला: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटक शासनाच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, राज्याला मातृभाषेचे माध्यम कोणावर लादता येत नाही, निवड पालकांची आहे. लादण्याची मनाई म्हणजे सोय काढून घेण्याची परवानगी नव्हे. आणि सोय 'पुरेशी' असावी, हा शब्द अनुच्छेदातच आहे.

कर्नाटक शासन शालेय पुस्तके मराठीसह सात माध्यमांत छापते, ही गोष्ट आम्ही कृतज्ञतेने नोंदवितो. आमचे मागणे त्यापुढचे आहे आणि अल्पखर्चाचे आहे. मराठी माध्यमाच्या विज्ञान पुस्तकात प्रत्येक धड्याच्या शेवटी मराठी, कन्नड आणि इंग्रजी शब्दांची एक तक्ती असावी. उत्तरपत्रिकेत घन आणि स्थायू, दोन्ही शब्द ग्राह्य धरावेत. पदवीपूर्व वर्गात येणाऱ्या मराठी व कन्नड माध्यमाच्या मुलांना पहिले काही आठवडे परिभाषेची ओळख करून द्यावी; ही अडचण कन्नड माध्यमाच्या मुलांचीही तितकीच आहे, आणि या मागणीत ते आमचे सोबती आहेत.

हुमनाबादलगतच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी एकोणिसाव्या शतकात मराठी, कन्नड आणि हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचली. ऐकणाऱ्यांना त्यात अडचण वाटली नाही, कारण त्यांच्या कानावर या सर्व भाषा होत्या. आजच्या मुलांच्या कानावरही त्या आहेत.

शासनाची वाट पाहत थांबण्याचेही कारण नाही. आमच्या वाचकांत बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील अनेक शिक्षक आहेत. त्यांनी इयत्ता पाचवी ते दहावीच्या विज्ञानातील, आपल्या वर्गात मुले जेथे अडखळतात असे शब्द मराठी व कन्नड अशा जोडीने लिहून आमच्याकडे पाठवावेत. पदार्थाच्या अवस्थांपासून आरंभ करून ही तक्ती आम्ही येथे क्रमाने प्रसिद्ध करू, आणि पुरेशी मोठी झाली की तीच निवेदनासोबत शिक्षण खात्यास सादर करू.